कागदावर रोम, धक्क्यावर चिव्हितावेक्किया

आमच्या सफरीच्या माहितीपत्रकावर सहा शहरांची नावे ठळक अक्षरांत छापलेली होती: बार्सिलोना, मार्सेय, नीस, फ्लोरेन्स, रोम आणि नेपल्स. त्यांच्याखाली बारीक टायपात बंदरांची नावे होती, आणि सात रात्रींच्या या प्रवासात आमचा वेळ गेला, पैसा गेला आणि एकदा तर जीव टांगणीला लागला, तो त्या बारीक टायपापायी. रोमचे बंदर चिव्हितावेक्किया हे शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे; फ्लोरेन्सचे लिव्होर्नो तर जवळजवळ ९० किलोमीटर. नीसला जायचे, तर जहाज शेजारच्या व्हिलफ्रांशच्या खाडीत नांगर टाकते आणि पुढे छोट्या बोटीने किनारा गाठावा लागतो. क्रूझचे तिकीट काढताना आपण केबिनच्या दरांची तासन्‌तास तुलना करतो आणि धक्क्यापासून शहरापर्यंतचे अंतर मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतो. मीही तेच केले होते. पत्नीने केले नव्हते, हे आमचे नशीब.

आम्ही चौघे होतो: मी, पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि गुडघे दुखत असूनही ते कबूल न करणारी माझी ७१ वर्षांची मावशी.

आदला दिवस: बार्सिलोना

जहाज सुटणार त्याच दिवशी पोहोचणारे विमान घेऊ नये, हा या बाबतीतला सर्वांत जुना सल्ला आहे आणि तो पाळायला एका रात्रीच्या हॉटेलाचा खर्च येतो. आमची एक बॅग आमच्यामागून सहा तासांनी दुसऱ्या विमानाने आली, तेव्हा तो खर्च वसूल झाला असे मी मानले. संध्याकाळी बॅग ताब्यात आल्यावर आम्ही ला रांब्ला या रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे १८८८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला कोलंबसचा उंच स्तंभ आहे. दुसऱ्या दिवशी बंदराकडे जाणारी बस त्याच्याच पायथ्याशी मिळणार होती, म्हणून तो आधी पाहून ठेवला.

व्हिसाबद्दल येथेच सांगून टाकतो. आमची सर्व बंदरे स्पेन, फ्रान्स आणि इटलीतली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रातली होती, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरला. मार्गात ट्युनिससारखे एखादे बंदर असेल, तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत येते आणि ज्यांना हा व्हिसा लागतो त्यांना तो एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा लागतो. तिकिटात हे कोणी समजावून सांगत नाही.

पहिला दिवस: जहाजात पाऊल

बार्सिलोनाची बहुतेक मोठी क्रूझ टर्मिनले शहरापासून वेगळ्या पडलेल्या एका लांबलचक धक्क्यावर आहेत आणि तिथे जाताना पोर्ता दे युरोपा हा उघडझाप होणारा पूल ओलांडावा लागतो. नकाशावर अंतर हातभर दिसते. सामान ओढत कोणी चालू लागले, तर पस्तावेल. हलके सामान असलेल्यांना स्तंभापासून सुटणारी बस स्वस्त पडते. आम्ही मावशीच्या गुडघ्यांकडे पाहून टॅक्सी केली. चालकाने पहिला प्रश्न टर्मिनलचा केला, जहाजाच्या नावाचा नव्हे. टर्मिनलचे अक्षर तिकिटावर असते, ते लिहून ठेवावे. मीटरच्या आकड्यावर बंदराचा अधिकृत अधिभार चढतो, तो पाहून वाद घालण्यात अर्थ नाही.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या हवाली होतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात; कधी तासाभरात, कधी रात्री. तोवर औषधे, कागदपत्रे, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत असावा. आमच्या तीन बॅगा चार वाजता आल्या. मावशीची काही येईना. नऊ वाजता केबिनमधला फोन वाजला आणि मला तळच्या डेकवरच्या एका खोलीत बोलावण्यात आले. तिथे वीस-पंचवीस बॅगा संशयितांसारख्या रांगेत उभ्या होत्या. मावशीच्या बॅगेत क्ष-किरण यंत्राला प्रवासी इस्त्री दिसली होती. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी, त्यामुळे इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती असे काही केबिनमध्ये चालत नाही. इस्त्री जप्त झाली, तिला क्रमांकाची चिठ्ठी लागली आणि मला पावती मिळाली. मावशीने पावती वाचली आणि म्हणाली, “अरे, आणि सात दिवस चुरगळलेल्याच साड्या नेसू का मी?” केबिनचा परिचारक हसला आणि अंघोळ करताना साडी न्हाणीघराच्या दाराला टांगून ठेवण्याची युक्ती त्याने तिला खुणांनी समजावली. वाफेने साडी बऱ्यापैकी सरळ होते, हे दुसऱ्या दिवशी सिद्ध झाले. केबिनच्या भिंती पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार आकडे सोबत नेले तर ओले कपडे आणि टोप्या टांगायची सोय होते, हीदेखील त्याचीच शिकवण.

सुटण्यापूर्वी सुरक्षेचा सराव झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे. काही लोक कंटाळून मोबाइल चाळत होते. २०१२ च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्कियाहून चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. नवे प्रवासी चढले की सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव झालाच पाहिजे, हा नियम त्यानंतर आला आणि २०१५ पासून लागू झाला. हे मी मुलाला सांगितले, तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवला.

रात्रीच्या जेवणाला आमच्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त जोडपे होते. त्यांची ही अठरावी क्रूझ. कुठल्या डेकवर गर्दी कमी, कुठल्या वेळी लिफ्ट रिकामी, हे सारे त्यांना पाठ होते. त्यांचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

दुसरा दिवस: मार्सेय

सकाळी सातला जाग आली, तेव्हा खिडकीबाहेर कंटेनरांचे डोंगर होते. मार्सेयचे क्रूझ टर्मिनल शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून सुमारे आठ किलोमीटरवर मालाच्या गोद्यांमध्ये आहे. जहाजावर आदल्या रात्री ‘शहरापर्यंत बस’ या नावाने माणशी तिकीट विकले जात होते. पत्नीने ते घेऊ दिले नाही. टर्मिनलबाहेर उजव्या हाताला बंदराचीच एक साधी बस उभी होती, तिने आम्हांला जोलिएटपर्यंत फुकट सोडले आणि तिथून ला माजोर कॅथीड्रलवरून चालत आम्ही पाऊण तासात, मावशीच्या वेगाने, जुन्या बंदरावर पोहोचलो. जहाजाचे तिकीट घेणाऱ्यांचा वेळ वाचला, हे कबूल केले पाहिजे. त्यांची बस थेट जाते. चार माणसांचे जाण्यायेण्याचे पैसे आणि पाऊण तास, यांतले काय महाग, ते ज्याचे त्याने ठरवावे. बंदर-प्रशासनाच्या संकेतस्थळावर अशा बसची माहिती आदल्या आठवड्यात पाहून ठेवावी, कारण जहाजाचे सहल-काउंटर ती आपणहून देत नाही.

जुन्या बंदरावर सकाळी मासळीबाजार भरतो. निळ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात मासे अजून हलत होते आणि एक कोळीण एकाच वेळी मासा साफ करत, गिऱ्हाइकाशी भांडत आणि कुत्र्याला हाकलत होती. शेजारीच वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीने २०१३ मध्ये उभारलेले आरशासारखे चकचकीत छप्पर आहे. त्याच्याखाली उभे राहून वर पाहिले की आपण डोके खाली, पाय वर असे दिसतो. मावशी तिथे चांगली दहा मिनिटे मान वर करून उभी होती. नंतर ६० क्रमांकाच्या बसने आम्ही टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द या चर्चला गेलो. चढण खडी आहे, बस घ्यावी. आत छताला दोऱ्यांनी बांधलेली लहान लहान जहाजे लटकतात. समुद्रातून सुखरूप परतलेल्यांनी ती नवसाची म्हणून वाहिलेली आहेत.

उतरताना वारा सुटला. उत्तरेकडून येणारा हा मिस्त्रल वारा आकाश लख्ख करतो आणि टोप्या पळवतो. परतल्यावर अठराव्या क्रूझवाले गृहस्थ म्हणाले, “हा वारा उद्याही टिकला, तर व्हिलफ्रांश विसरा.” जहाजाला हवामानामुळे एखादे बंदर गाळण्याचा करारानेच अधिकार असतो. असे झाले तर जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात, बंदरशुल्काची किरकोळ रक्कमही बहुधा खात्यात जमा होते. पण आपण बाहेरून काढलेल्या तिकिटांचे काय, ते त्या त्या विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून. म्हणून नांगर टाकायच्या बंदरासाठी परत न मिळणारे काहीही आगाऊ घेऊ नये.

तिसरा दिवस: व्हिलफ्रांश आणि नीस

वारा पडला होता. पहाटेच्या प्रकाशात तिन्ही बाजूंनी डोंगर, पायथ्याशी गेरूच्या आणि पिवळ्या रंगांची घरे आणि मधोमध आमचे जहाज, असे दृश्य डेकवरून पाहिले. धक्क्याला लागलेल्या जहाजावरून ते कधीच मिळत नाही.

त्या दृश्याची किंमत किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीच्या, म्हणजे टेंडरच्या रांगेत चुकती होते. जहाजाच्या सहली घेणाऱ्यांना पहिल्या बोटी, मग जुन्या ग्राहकांना, मग क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेतलेल्या आमच्यासारख्यांना. आठला नांगर पडला आणि आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा पावणेदहा झाले होते. बोट आणि जहाज दोन्ही हलत असताना मधली फट ओलांडायची असते. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी कोपर धरतात आणि ते ‘आता’ म्हणतील तेव्हाच पाऊल टाकायचे. मावशीने ते सहज केले. आमच्यापुढच्या चाकाच्या खुर्चीतल्या बाईंना मात्र लाटांमुळे जहाजावरच थांबायला सांगण्यात आले. ज्यांना चालणे कठीण आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच मार्गात टेंडरची बंदरे किती, ते विचारावे. आणि एक: अशा बंदरात परतीची मर्यादा म्हणजे किनाऱ्यावरून सुटणारी शेवटची बोट. ती जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी असते.

मी आणि मुलगा लोकल गाडीने नीसला गेलो, दहा मिनिटांचाही प्रवास नाही. जुन्या गावात सोक्का खाल्ले: हरभऱ्याच्या पिठाचे, लाकडाच्या भट्टीत मोठ्या ताटावर भाजलेले, कडेला करपलेले, वर मिरपूड. पत्नी आणि मावशी व्हिलफ्रांशमध्येच राहिल्या आणि दिवस त्यांचाच चांगला गेला. त्यांना घरांच्या पोटातून जाणारी रू ऑब्स्क्यूर ही तेराव्या शतकातली झाकलेली गल्ली सापडली. तिच्या तोंडाशी खुर्ची टाकून मटार सोलणाऱ्या एका आजीबाईंनी मावशीला शेजारी बसवून घेतले. एकीला फ्रेंचखेरीज काही येत नव्हते, दुसरीला फ्रेंच सोडून सगळे. तासाभरात मटार सोलून झाले.

चौथा दिवस: लिव्होर्नो

येथे आम्ही फुटलो. मुलाला फ्लोरेन्स पाहायचेच होते. जहाज आठ ते सहा बंदरात. गोदीत पायी चालायला मनाई, म्हणून आधी गावापर्यंत शटल, मग स्टेशनची बस, मग सुमारे दीड तासाची गाडी. हे सर्व जमेस धरले, तर हातात जेमतेम चार तास उरत होते, तेही काही चुकले नाही तर. पत्नीने त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी जहाजाची ‘फक्त बस’ सहल घेतली. यात वाटाड्या नसतो, तिकिटे नसतात, शहरात सोडतात आणि ठरल्या वेळी परत आणतात. रेल्वेपेक्षा ती दुपटीहून महाग पडली, पण बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेते. लांबच्या शहरासाठी हा विमाच आहे. सहल-काउंटरवर तो सर्वांत खालच्या ओळीत लिहिलेला असतो, विचारून घ्यावा.

मी आणि मावशी लिव्होर्नोतच राहिलो. माहितीपत्रकात या गावाबद्दल एक शब्द नव्हता. व्हेनेत्सिया नुओव्हा नावाची कालव्यांची वस्ती आहे, तिच्या दोन्ही काठांना लोकांच्या मोटारबोटी सायकलींसारख्या लावून ठेवलेल्या असतात. १८९४ मध्ये उघडलेल्या मोठ्या मंडईत लोखंड आणि काचेच्या छताखाली उजेड नुसता ओतत होता. तिथल्या एका दुकानात ‘चिंक्वे ए चिंक्वे’, म्हणजे ‘पाच आणि पाच’ नावाचा पदार्थ मिळाला. पूर्वी पाच पैशांचा पाव आणि पाच पैशांची हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पोळी एकत्र मागत, त्यावरून हे नाव पडले. मावशीने पहिल्याच घासाला पीठ ओळखले आणि काउंटरमागच्या माणसाकडे दुसरा मागितला. त्याने तिच्याकडे पाहून पोळीचा तुकडा जरा मोठा कापला आणि पैसे एकाचेच घेतले.

पत्नी आणि मुलगा साडेपाचला परतले, घामाघूम. कॅथीड्रलचा घुमट बाहेरून, पोंते व्हेक्यो हा जुना पूल गर्दीतून, आणि एक आइस्क्रीम बसून, असा त्यांचा फ्लोरेन्सचा हिशेब होता. मुलगा तरीही खूश होता.

पाचवा दिवस: चिव्हितावेक्किया आणि रोम

हे बंदर सम्राट ट्राजनने वसवले. धक्क्याजवळ मायकेलँजेलोच्या नावाचा भक्कम किल्ला आहे, आणि रोमकडे धावणाऱ्या गर्दीत त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. जहाजापासून बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या चौकात सोडते. तिथून स्टेशनला गावची बस किंवा वीस मिनिटांची चाल. कागदी लोकल तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. गाडीने आम्ही रोमा सान पिएत्रो स्टेशनवर उतरलो. सेंट पीटर्स चर्चला जायचे असेल, तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊन परत येण्याची गरज नाही. सान पिएत्रो स्टेशन चर्चसमोरच्या चौकापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे.

रोमबद्दल मी लिहीत नाही. सहा तासांत पाहिलेल्या रोमबद्दल कोणी लिहूही नये. परतीबद्दल मात्र लिहिले पाहिजे. जहाज सातला सुटणार होते आणि साडेसहाला सर्वांनी आत असायचे होते. साडेचारची गाडी धरूनही वेळेत पोहोचलो असतो, पण पत्नीने तीनची धरायला लावली. दगडी फरशीवर बसून बाटलीत पाणी भरत असलेल्या मुलाने कुरकुर केली, मीही मनातल्या मनात केली. लादिस्पोलीजवळ गाडी थांबली. पाच मिनिटे, पंधरा, चाळीस. घोषणा इटालियनमध्ये होत होत्या आणि प्रत्येक घोषणेनंतर डब्यातले लोक खांदे उडवत होते. समोर बसलेल्या एका विद्यार्थिनीने आमच्या गळ्यातली जहाजाची कार्डे पाहिली आणि इंग्रजीत सांगितले, की सिग्नल बिघडला आहे, मागच्या गाड्याही अडकल्या आहेत. मग ती स्वतःच मोबाइलवर टॅक्सींचे नंबर शोधू लागली. सव्वा तासाने गाडी हलली. आम्ही गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर पाय ठेवला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात केबिन-क्रमांकांची यादी होती आणि तो एकेक क्रमांक खोडत होता.

रात्री जेवणाला शेजारच्या टेबलावरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. अठराव्या क्रूझवाले जोडपे आमच्या मागच्या गाडीत होते.

अशा वेळी काय होते, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच कळले, तेही सांगतो. जहाज सुटण्यापूर्वी कर्मचारी केबिनमधली तिजोरी उघडतात आणि पासपोर्ट सापडले तर ते बंदरातल्या प्रतिनिधीकडे सोपवतात. या प्रतिनिधीचा फोन नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. जहाजावरून उतरताना त्या पानाचा फोटो काढून घ्यावा. पुढच्या बंदरापर्यंतचा सगळा खर्च आपला. पासपोर्टची प्रत, एक कार्ड, थोडी रोकड आणि दिवसभराची औषधे एवढे कायम अंगावर असावे. शिवाय जहाजावरची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ सारखीच असेल असे धरून चालू नये. आमच्या मार्गावर ती सारखी होती, पण घड्याळ वेगळे असलेल्या देशांच्या सफरीत एका तासाच्या फरकाने धक्का रिकामा झालेला पाहायला मिळतो.

सहावा दिवस: नेपल्स

नेपल्सचा धक्का अगदी शहराच्या पायरीशी आहे. गँगवे उतरून रस्ता ओलांडला, की समोर कास्तेल नुओव्होचे बुरूज. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही बाहेर पडत असताना तेच जोडपे कालच्याच कपड्यांत समोरून येत होते. चिव्हितावेक्कियात रात्रीचे हॉटेल, पहाटेची गाडी, रोमहून नेपल्सची वेगवान गाडी, टॅक्सी. खर्च किती झाला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. बाईंनीच सांगितले, की नेपल्स इटलीतच आहे हे त्यांचे नशीब, पुढचे बंदर दुसऱ्या देशात असते, तर विमान करावे लागले असते. नवरा गंभीरपणे म्हणाला, “आधीच्या सतरा वेळा कधीच झाले नव्हते.”

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले पोम्पेई येथून चिर्कुमव्हेसुव्हियाना या लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येते. उतरायचे स्टेशन ‘पोम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’. पोम्पेई नावाची आणखीही स्टेशने आहेत. गाडीत गर्दी असते आणि खिसेकापूही. पिशवी पुढे घ्यावी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २०,००० जणांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, म्हणून ते आधी काढून ओळखपत्र सोबत ठेवावे. आत सावली जवळजवळ नाही. मी आणि पत्नी गेलो. रस्त्यावरच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या बोटाने चाचपून पाहिल्या. मावशी आणि मुलगा शहरातच पिझ्झा खात बसले. चार घडींचा, हातात धरून चालता चालता खाण्याचा पिझ्झा पाहून मावशीने विचारले, “हे बसून खाल्ले तर जास्त पैसे पडतात का?” प्रश्न अगदी बरोबर होता. इटलीत अनेक ठिकाणी टेबलाशी बसण्याचा वेगळा आकार लागतो, आणि तो मेनूच्या तळाशी लिहिलेला असतो.

सातवा दिवस: समुद्र आणि बिल

दुपारी कोर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधल्या बोनिफाचोच्या सामुद्रधुनीतून जहाज गेले. सर्वांत अरुंद जागी ती ११ किलोमीटर आहे, त्यामुळे दोन्ही बेटे एकाच वेळी दिसतात. वारा नळीतून फुंकल्यासारखा येत होता आणि डेकवरच्या खुर्च्या आपोआप सरकत होत्या. ज्यांना जहाज लागते, त्यांनी केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी आणि गोळ्या घरून आणाव्यात. जहाजावरचा दवाखाना उत्तम असतो, पण तपासणीचा दर ऐकून मळमळ वाढते. प्रवासविमा जहाजावरच्या उपचारांना लागू आहे का, हे विशेष पाहावे.

मी सकाळी टीव्हीवर खाते उघडले होते. जहाजावर रोख चालत नाही, सर्व काही केबिनच्या कार्डावर लिहिले जाते आणि सही करताना पैसे गेल्यासारखे वाटत नाही. खरी मेख येथेच आहे. पहिली रक्कम रोजच्या सेवाशुल्काची. बहुतेक मोठ्या जहाजांवर ती माणशी दिवसाला १२ ते २० डॉलर किंवा युरोंच्या दरम्यान असते, मुलांनाही बहुधा लागते, आणि तिकिटाची तुलना करताना ती धरलेली नसते. आम्ही चौघे, सात रात्री: माणशी १५ धरले तरी ४२० होतात. पेयांवर वेगळे १८ ते २० टक्के आपोआप चढतात. पावतीवर पुन्हा ‘टिप’ची रिकामी ओळ असते, ती भरली तर आपण दुसऱ्यांदा देतो.

पेयांच्या पॅकेजचा हिशेब मुलाने कागदी नॅपकिनवर मांडला. समजा एक पेय १२ चे आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे १४.१६. पॅकेज दिवसाला ७० चे आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ८२.६०. याचा अर्थ रोज सहा पेये घेतली तरच ते परवडते, आणि पाच दिवस आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत जहाजाबाहेर होतो. काही जहाजांवर एका केबिनमधल्या एकाने पॅकेज घेतले, तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावेच लागते. आम्ही घेतले नाही. बुफेमध्ये पाणी, चहा, साधी कॉफी फुकट असते, आम्ही आपल्या बाटल्या तिथेच भरल्या.

इंटरनेट एकाच उपकरणाचे घेतले आणि आळीपाळीने वापरले. एकाने बाहेर पडायचे, मग दुसऱ्याने आत शिरायचे. खुल्या समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवायलाच हवा, कारण जहाजाचे उपग्रहाचे नेटवर्क फोन गुपचूप पकडतो आणि त्याचे दर कुठल्याही रोमिंग-योजनेत बसत नाहीत. आमची सफर केवळ युरोपीय संघातल्या बंदरांची असल्यामुळे जहाजावरच्या दुकानांत खरी करमुक्त खरेदी नव्हती, तरी पाटी मात्र आकर्षक होती.

खात्यात मला दोन कॉकटेलांची नोंद सापडली. वेळ होती, आम्ही लादिस्पोलीत अडकलो होतो तेव्हाची. रिसेप्शनवर गाडीचे तिकीट दाखवले, नोंद लगेच काढली गेली, माफीही मागितली. दुपारी अडीचला रांगेत तीन माणसे होती; रात्री दहाला ती रांग लिफ्टपर्यंत पोहोचलेली पाहिली. खाते रोज पाहावे, आणि तक्रार शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नये.

आठवा दिवस: पुन्हा बार्सिलोना

आदल्या रात्री अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या. त्यात सकाळचे कपडे बंद करून टाकणारा एक तरी प्रवासी दर सफरीत असतो म्हणतात, या वेळी तो माझा मुलगा होता. तो पायजम्यात नाश्त्याला आला. स्वतःचे सामान स्वतः उचलून नेणाऱ्यांना सर्वांत आधी सोडतात. बाकीच्यांना रंगांच्या चिठ्ठ्यांप्रमाणे. आमचे विमान दुपारी दोननंतरचे होते, म्हणून घाई नव्हती. नऊ-दहाचे विमान घेण्याचे धाडस करू नये.

टर्मिनलच्या एका कोपऱ्यात लांब टेबल मांडले होते आणि त्यावर सफरीतली जप्ती ओळीने ठेवली होती: बंदरांवर घेतलेल्या दारूच्या बाटल्या, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन किटल्या, आणि एकसारख्या दिसणाऱ्या पाच इस्त्र्या. मावशीने पर्समधून चुरगळलेली पावती काढली, क्रमांक ताडून पाहिला, इस्त्री उचलली, तळ उन्हात धरून त्यावरचा जुना चॉकलेटी डाग शोधला आणि मगच ती पिशवीत टाकली.